दुसऱ्या महायुद्धातले फोटो आणि त्याच जागेचे आजचे फोटो एकमेकांत मिसळतात, ते कसं करतात? मोबाइलवर जमेल का?

जमेल. लेयर (एकावर एक ठेवलेले फोटोंचे थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकायची सोय) असलेलं कुठलंही ॲप चालतं, संगणकावर करायचं तर गिंप हा प्रोग्रॅम फुकट आहे. एवढं लिहून थांबणार होतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'जागा थोडी इकडेतिकडे झाली तर ताणून बसवता येते ना?' ते वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. नाही बसवता येत. ह्या 'ताणून बसवण्या'पायी माझी अकरा वर्षांची भागीदारी मोडली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही पाहिलेले लेनिनग्राडचे (म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचे) फोटो बहुधा सेर्गेई लारेन्कोवचे असतील. हा माणूस पेशाने बंदरात जहाजं आत-बाहेर नेणारा पायलट. लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा ८७२ दिवस चालला, त्या काळातले फोटो घेऊन तो शहरभर फिरला आणि मूळ फोटोग्राफर जिथे उभा होता तिथे जाऊन उभा राहिला. सगळी करामत ह्या उभं राहण्यात आहे. सेंट आयझॅक चर्चसमोरच्या चौकात १९४२ साली लोकांनी कोबी लावला होता. तो कोबी आणि आजच्या मोटारी एका चौकटीत आणायच्या तर मागच्या घुमटाची आणि खांबांची रेष दोन्ही फोटोंत एकच यायला हवी. पुढची आणि मागची वस्तू एकमेकांशी कुठे जुळते हे फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. लेन्सवर नाही, झूमवर नाही, ॲपवर तर नाहीच नाही. लेन्सने चौकट लहानमोठी होते, बाकी काही नाही.

आता आमचं रामायण.

नाशकात मेन रोडवर माझा आणि भागीदाराचा स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट, जुने फोटो दुरुस्त करणं. माझे आजोबा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९४३च्या डिसेंबरात त्यांची तुकडी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात होती. (महायुद्धात देवळालीने काय काय पाहिलं त्यावर वेगळं उत्तर होईल. पुढे तिबेटात पोचलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर काही काळ तिथल्याच कैद्यांच्या छावणीत होता.) एका सुट्टीच्या सकाळी आजोबा आणि त्यांचे तीन सोबती गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आले आणि कुणीतरी त्यांचा फोटो काढला. सव्वादोन बाय सव्वातीन इंचांचा प्रिंट, मागे पेन्सिलीने 'डिसें. ४३, नाशिक'. समोर चौघं खाकीत, डोकी उघडी. मागे नारोशंकराच्या देवळाची भिंत आणि तिच्या कोपऱ्यातली दगडी छत्री, बाजूला पाणी, पाण्याच्या कडेला उघड्या अंगाचा एक माणूस. पुढच्या वर्षी आजोबा ब्रह्मदेशातल्या अराकानच्या आघाडीवर गेले ते परत आलेच नाहीत. आत्या तेव्हा तीन वर्षांची होती, वडील तान्हे. घरात आजोबांचा हा एवढा एकच फोटो.

एका हॉलमध्ये जुन्या नाशिकच्या फोटोंचं प्रदर्शन होणार होतं. भागीदार म्हणाला, तुझ्या आजोबांचा आणि आजच्या घाटाचा असा मिसळलेला फोटो करू. मलाही उत्साह होता. चार रविवार आम्ही घाटावर काढले आणि जागा सापडेना.

फोटोत देऊळ डाव्या हाताला, पाणी उजव्या हाताला. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते आणि नारोशंकर पंचवटीच्या काठावर. म्हणजे देऊळ डावीकडे दिसायचं तर वरच्या अंगाला उभं राहून खाली, दक्षिणेकडे बघायला हवं. तसे उभे राहिलो. छत्री जुळवली की भिंत लांब पळायची, भिंत जुळवली की छत्री खुजी व्हायची. भागीदार म्हणाला, घाट बदललाय, कुंभमेळ्याच्या कामांत काय काय ओतलंय, पायऱ्या नव्या आहेत, शंभर टक्के जुळणार नाहीच. त्याने जवळपासच्या जागेवरून फोटो घेतला, ॲपमध्ये ओढूनताणून बसवला आणि पाच फुटी कॅनव्हासवर छापूनही आणला.

त्या कॅनव्हासवरची छत्री लांबुळकी झाली होती, शेवग्याच्या शेंगेसारखी. चार पिढ्या ते देऊळ रोज बघणाऱ्या गावाला ते दाखवायचं? मी उद्घाटनाच्या दिवशीच, पाहुण्यांसमोर बोललो. तिथे बोलायला नको होतं. पण बोललो ते बरोबर होतं.

मला शंका आली होती ती त्या उघड्या माणसाच्या जानव्यावरून. जानवं उजव्या खांद्यावर होतं. मी म्हटलं, अरे, प्रिंट उलटा आहे, निगेटिव्ह पालथी ठेवून छापलाय. भागीदार हसला. म्हणाला, 'रामकुंडाजवळ उभा असलेला माणूस आहे, श्राद्ध करत असेल. अपसव्य केलंय, उजव्याच खांद्यावर असणार.' ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. नाशिक सोडून दुसऱ्या कुठल्या गावात हा मुद्दा कुणी काढला नसता, आणि इथे तो खोडताही येत नाही. वर तो म्हणाला, 'बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, सोव्हिएत झेंडा लावतानाचा तो जगप्रसिद्ध फोटो, त्यातही फोटोग्राफर खाल्देईने सैनिकाच्या मनगटावरचं घड्याळ खोडलं, धूर वाढवला. फोटो म्हणजे काही पंचनामा नाही.' खरं आहे, खोडलं होतं. २ मे १९४५चा तो फोटो, आणि झेंडाही म्हणे टेबलावरच्या लाल कापडाचा शिवलेला. पण खाल्देईने बर्लिन तर हलवलं नव्हतं ना! घड्याळ खोडणं वेगळं आणि देऊळ ताणणं वेगळं. हे वाक्य मला त्या दिवशी सुचलं नाही, आठ दिवसांनी सुचलं. तोवर आम्ही हिशेब वाटून घेतला होता.

मग मी एकट्याने तो प्रिंट भिंगाखाली घेतला. आजोबांच्या शर्टाची बटणपट्टी बघितली. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते. इथे उजवी डावीवर, आणि एकाच्या नाही, चौघांच्याही शर्टांना. चार फौजी बायकी शर्ट घालून गंगेवर येत नाहीत आणि शर्टाला काही अपसव्य नसतं. दुसरं म्हणजे प्रिंट सगळीकडून किंचित मऊ होता. त्याचा दोष आम्ही स्वस्त कॅमेऱ्याला दिला होता. पण निगेटिव्ह पालथी ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला प्रिंट) काढला की इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, कागदाला टेकत नाही, मधे फिल्मची जाडी येते आणि सगळंच जरा मऊ पडतं. तिसरी खूण सगळ्यांत सुंदर होती. खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग होता, तो मी इतकी वर्षं डागच समजत होतो. ती फोटो काढणाऱ्याची सावली निघाली, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. म्हणजे सूर्य त्याच्या पाठीशी. डिसेंबरातल्या नाशकात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला. मग हा माणूस दक्षिणेकडे बघत असेल कसा? तो उत्तरेकडे, प्रवाहाच्या वर बघत होता. चार रविवार आम्ही बरोबर उलट्या दिशेला तोंड करून उभे होतो.

कोपरं बाहेर होती म्हणजे कॅमेरा पोटाशी धरलेला, वरून बघायचा डबा कॅमेरा. हे तुम्हालाही उपयोगी पडेल. सपाट जागेवरच्या फोटोत क्षितिजाची रेष उभ्या माणसांना जिथे कापते, तेवढ्या उंचीवर कॅमेरा होता असं समजायचं. क्षितिज दिसत नसेल तर पायऱ्या, भिंतीचे थर अशा आडव्या रेषा लांबवून बघायच्या, त्या जिथे मिळतात ती उंची. आमच्या फोटोत ती रेष चौघांच्या कमरेतून गेली. डोळ्याला मोबाइल लावून काढलात तर हे कधीच जुळणार नाही.

डिसेंबरात सकाळी पुन्हा गेलो. फोटो सुलटा करून ओएचपीच्या पारदर्शक कागदावर छापला, कॅमेऱ्याच्या पडद्याएवढा कापला आणि पडद्यावर चिकटवला. मग एकच काम. मागची वस्तू पुढच्या वस्तूच्या मानाने डावीकडे जास्त गेली असेल तर आपण उजवीकडे सरकायचं, उजवीकडे गेली असेल तर डावीकडे. पुढची वस्तू मागचीपेक्षा फार मोठी दिसत असेल तर मागे यायचं. झाडं, दिव्याचे खांब, पायऱ्या ह्यांवर विश्वास ठेवायचा नाही. जुना दगड धरायचा. मी छत्री आणि भिंतीचा कोपरा धरला.

सरकत सरकत जिथे पोचलो तिथे मेथीचा ढीग होता. बुधवार होता, बाजाराचा दिवस, माझ्या लक्षातच नाही! ढिगामागची बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. 'काय मोजता हो दादा? अतिक्रमणवाले का?' म्हटलं, नाही मावशी, माझे आजोबा इथे उभे होते, फोटो काढायचाय. 'कधी?' म्हटलं, सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली. 'मग आता कुठं घाई ए,' म्हणाली आणि भवानी होऊ द्या म्हणाली. सहा जुड्या घेतल्या. मग तिने ढीग हातभर सरकवला आणि टेकवायला एक रिकामं क्रेटही दिलं. क्रेटवर कॅमेरा बरोबर कमरेएवढा आला. पडद्यावर छत्री छत्रीवर बसली, भिंत भिंतीवर. काहीही न ताणता. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

पुढचं संगणकाचं काम दोन तासांचं आहे, त्यात विशेष काही नाही. जुना लेयर अर्धपारदर्शक करून जुळवा, मग मास्कवर मऊ ब्रशने पुसा. सांधा माणसाच्या अंगावरून नेऊ नका, पायरीच्या कडेने किंवा भिंतीच्या रेषेने न्या. जुन्या प्रिंटमधला काळा रंग विटून तपकिरी झालेला असतो, त्याला गडद काळा करायला जाऊ नका. सावल्या जुळायला हव्या असतील तर त्याच महिन्यात, त्याच वेळी फोटो घ्या. जूनमध्ये काढलेल्या फोटोत डिसेंबरची माणसं चिकटवलेलीच वाटतात. मोबाइलची सगळ्यांत रुंद लेन्स वापरू नका, कडेला वस्तू ओढल्या जातात. साध्या लेन्सने घ्या, मग हवं तेवढं कापा.

आणि हो, देवळालीच्या लष्करी हद्दीत हे उद्योग परवानगीशिवाय करू नका. दुसरं, मूळ फोटो दुसऱ्या कुणाच्या घरचा असेल तर विचारून घ्या. तिसरं, उलटा छापलेला प्रिंट काही दर वेळी निघत नाही. दहातल्या नऊ वेळा आपणच चुकीच्या जागी उभे असतो. पण एकदा बटणं बघून घ्यायला काय जातं?

मेथीच्या ढिगाशेजारी उभे असलेले चार फौजी, मागे देऊळ उजव्या हाताला, सगळं जिथल्या तिथे. फ्रेम करून आत्याकडे घेऊन गेलो. वाटलं होतं, रडेल. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'हे कोण रे?'

म्हटलं, आत्या, तात्या आहेत. तुझे वडील.

'छे, तात्यांचा भांग ह्या बाजूला नव्हता.'

बटणांचं समजावलं, सावलीचं समजावलं. ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, 'असेल बाबा तुझं खरं. पण मी सत्तर वर्षं ज्यांना नमस्कार करतेय ते हे नव्हेत.' माझी फ्रेम तिने चहासोबत परत दिली.

ती आता माझ्या टेबलामागे आहे. भागीदाराचा पाच फुटी कॅनव्हास, लांबुळक्या छत्रीसकट, आत्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. तो तिने प्रदर्शन संपल्यावर त्याच्याकडून स्वतः मागून घेतला होता, मला न सांगता. दिवाळीला फराळाला गेलो की मी टीव्हीकडे पाठ करून बसतो.