परीकथेतली परी नेमकी कोण?

‘लिटल रेड रायडिंग हूड’मध्ये एकही परी नाही, मग ती परीकथा कशी? आणि ‘परी’ हा शब्द ‘फेअरी’वरूनच आला का? असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. आपली परी फारसीतून आली. तिचं मूळ अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या ‘पइरिका’त आहे आणि तिथे ती चक्क चेटकीण आहे. ‘फेअरी’ मात्र फ्रेंच ‘फे’च्या घराण्यातली, आणि ‘फे’ आली लॅटिन ‘फाता’वरून, म्हणजे प्राक्तन ठरवणाऱ्या देवतेवरून. उच्चारातलं साम्य निव्वळ योगायोगाचं.

ही ‘फाता’ लक्षात घेतली की परीकथा वेगळ्याच दिसू लागतात. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या झोपलेल्या राजकन्येच्या बारशाला सात फे येतात आणि तान्हीला एकेक गुण देऊ लागतात. बोलावणं न आलेली आठवी, म्हातारी, चातीने हात टोचून मरशील असा शाप देते. सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाणारी सटवाई या बायांना किती जवळची आहे! पंखांची नाजूक परी त्या मानाने दूरची.

आता पहिला प्रश्न, म्हणजे ‘परीकथा’ या नावाचा. ते रूढ केलं मादाम दोल्नुआ या फ्रेंच लेखिकेने. किशोरवयातच तिचं लग्न वयाने खूप मोठ्या उमरावाशी लावून दिलं होतं. 1690 साली तिने आपल्या एका कादंबरीत अशी पहिली गोष्ट गुंफली आणि 1697 मध्ये ‘ले कोंत दे फे’, म्हणजे ‘फेंच्या गोष्टी’, या नावाने संग्रह काढला. पेरोचा आठ गोष्टींचा संग्रहही त्याच वर्षीचा, पण त्याच्या शीर्षकात फे नाही. ‘गतकाळच्या गोष्टी’ एवढंच आहे. लांडगा आणि लाल टोपडं, म्हणजे ‘लिटल रेड रायडिंग हूड’, पेरोच्या याच पुस्तकातलं. त्यामुळे त्या गोष्टीत परी नसण्यात नवल काही नाही. दोल्नुआच्या पुस्तकाचं नाव पुढे सगळ्या प्रकाराला चिकटलं, इंग्रजीत त्याचंच ‘फेअरी टेल’ झालं आणि आपण ‘परीकथा’ म्हणू लागलो.

या गोष्टी पॅरिसच्या दिवाणखान्यांत, बहुतांशी बायकांनी, मोठ्या माणसांसाठी रचल्या. मादाम द म्युराने तर 1699 मध्ये आपलं पुस्तक ‘आधुनिक फेंना’ अर्पण केलं. त्या फे म्हणजे तिच्याबरोबरच्या लेखिकाच. चौदाव्या लुईच्या दरबारात बाईचं नशीब बाप आणि नवरा ठरवत असताना राजालाही वाकवणारी फे त्यांना का हवीशी वाटली असेल, हे उघड आहे. दुःख याचं की आज घरोघरी पेरो आणि ग्रिम बंधू माहीत असतात, या बायका नाहीत.

आपल्या ओळखीची रॅपुन्झेल घ्या. ती मूळ याच लेखिकांपैकी मादमोझेल द ला फोर्सची ‘पेर्सिनेत’. मुलीला मनोऱ्यात ठेवणारी बागेची मालकीण तिथे फे आहे, आणि शेवटी ती विरघळून मुलीला आणि तिच्या राजपुत्राला माफही करते. ग्रिमांच्या 1812 च्या आवृत्तीत ‘फे’ हा शब्द टिकून होता. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी तो काढून तिथे जादूगारीण आणली. जर्मन मातीतली गोष्ट फ्रेंच दिसू नये, ही त्यांची धडपड. पेरोच्या संग्रहातही असलेलं ‘बुटातलं मांजर’ तर त्यांनी पुढच्या आवृत्तीतून गाळूनच टाकलं.

‘परीकथा’ शब्द बदला असं मी म्हणणार नाही, तो रुळला आहे. पण दोल्नुआ किंवा ला फोर्स मराठीत आणताना ‘फे’ला सरसकट ‘परी’ म्हणू नये. तिथे ‘फे’च ठेवावी आणि ती कोण, हे पहिल्याच पानावर सांगावं.