मुलाचं मराठी मोडू देऊ नकोस

खारघरला कॅन्सर रुग्णालयात नर्स आहेस, महामारीच्या काळातल्या पॅलिएटिव्ह केअरवर (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेवर) संशोधन शिकायला लंडनला जायचंय, नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा सोबत येणार. 'ताई, काय काय बघून ठेवू?' असं विचारलंस. दोन दिवस उत्तर लिहितेय आणि खोडतेय.

व्हिसा, फी, इंग्रजीची परीक्षा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, तिथेच वाच. फक्त नर्सिंग नोंदणीच्या पडताळणीचं पत्र सगळ्यात आधी मागव. माझं एका कार्यालयात सात महिने अडकलं होतं. मी ड्युटीवर असायचे, म्हणून बाबा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझी फाइल पिशवीत घालून ठाण्याहून लोकलने खेटे घालायचे आणि 'साहेब रजेवर आहेत' ऐकून परत यायचे. त्या खेट्यांचा राग अजून गेलेला नाही.

तुझा विषय चांगला आहे. २०२० पासून त्यावर लेखांचा पूर आला, पण बराचसा अमेरिका आणि ब्रिटनमधून. लंडनच्या रुग्णालयांतल्या १०१ कोविड रुग्णांचा अभ्यास आधी वाच. धाप आणि तगमग ही मुख्य लक्षणं. त्यातले ७५ जण गेले, आणि पॅलिएटिव्ह टीमच्या हाती बहुतेकदा दोनच दिवस होते. पुढे व्हिडिओवरून सल्ला, भेटबंदी आणि मागे राहिलेल्यांचा शोक यांवर भर आला. अमेरिकेतल्या एका हिशोबानुसार एका कोविड मृत्यूमागे जवळची साधारण नऊ माणसं शोकात पडतात.

पण भेटबंदी म्हणजे आपल्याकडे काय, हे तुला लिहिता येईल. तिथे नातेवाईक भेटायला येतो. आपल्याकडे भरवणारा, कूस बदलणारा, रात्रभर पाय चेपणारा नातेवाईकच असतो. तो दाराबाहेर राहिला की रुग्णाची अर्धी शुश्रूषाच थांबते. तोंडात शेवटचं पाणी कोण घालणार, तुळशीपत्र कोण ठेवणार, हे प्रश्नावलीत विचार. केरळात कोझिकोडला १९९३ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावर उभं राहिलेलं पॅलिएटिव्ह केअरचं काम तुझ्या अभ्यासात यायलाच हवं.

एकटेपणाचं विचारलंस. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

मुलाच्या शाळेबद्दल मात्र नीट ऐक. माझा मुलगाही तिकडे गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. वर्गात गप्प बसायचा. शिक्षिका म्हणाल्या, घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर मागे पडेल. मी दबले. वर्षभरात घरात मराठी उरलं ते माझ्या फोनपुरतं. त्याचं इंग्रजी तसंही आलंच असतं, हे आता कळतंय.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा ठाण्यात ऑक्सिजनवर होते. २३ तारखेला भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे कोविडमुळे प्रवासावर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या देशांत, गेला. परतताना दहा दिवस हॉटेलात, एकट्या प्रौढाला १७५० पौंड. पैसे होते, विमानंही अगदीच बंद नव्हती. तरी मी रजा, मुलगा, परतीचं काय होईल, याचा हिशोब करत बसले. त्याच आठवड्यात मी ड्युटीवर दुसऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना फोन करून विचारत होते, 'शेवटचं बोलणं झालं का?'

पीपीई किट घातलेल्या एका सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिला. मास्कच्या आतून बाबांनी नातवाला विचारलं, 'जेवलास का रे?' त्याने माझ्याकडे वळून विचारलं, 'व्हॉट इज ही सेइंग?' मी सांगितलं. तो 'येस' म्हणाला. बाबांनी मान हलवली, आणि मला आजही वाटतं की त्यांना सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. जवाहरबागेच्या स्मशानात नेलं तेव्हा शेजारचे काका होते.

नोकरी किंवा प्रवेश हातात घेण्याआधी तातडीच्या रजेचं लेखी विचार, आणि ती खरंच घेतलेल्या कुणाशी तरी बोल.

तुझे आईवडील कुठे असतात, त्यांच्याजवळ कोण आहे, हे तू लिहिलं नाहीस. ते कळव.