वडिलांच्या उपचारासाठी केळीचे एकर विकावे का?

यावल तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे: "वडील ६८ वर्षांचे असून त्यांना सीओपीडी (श्वास घेणे अवघड करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. वर्षभरात दोनदा जळगावला दाखल करावे लागले. दुसऱ्या वेळी अतिदक्षता विभागात बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावला आणि सहा दिवसांचे १,८५,००० रुपये रोखीने भरले. वडिलांचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ८ लाख रुपये आहेत, बँकेत ४ लाखांची एक मुदत ठेव आहे आणि पाच एकर केळी आहे. एक एकर विकून उपचारासाठी निधी करावा, ५८,००० रुपये हप्त्याचा आरोग्य विमा घ्यावा आणि ८५,००० रुपयांचे दहा लिटरचे ऑक्सिजन यंत्र घ्यावे, असे ठरवत आहोत. माझे कृषी केंद्र आहे. हे योग्य होईल का?"

आपण ठरवलेल्या तीन गोष्टींपैकी एकही आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सीओपीडीचा खर्च शस्त्रक्रियेसारखा एकदाच येऊन संपत नाही. दर महिन्याची औषधे, इनहेलर आणि वीज हा त्याचा संथ भाग असतो, आणि हिवाळ्यात किंवा एखाद्या संसर्गानंतर दम वाढला की एका रात्रीत लाखाची गरज पडते. त्यामुळे मोठ्या रकमेपेक्षा नियमित उत्पन्न आणि तासाभरात हाती येणारा पैसा या दोन गोष्टी आपल्याला अधिक लागणार आहेत. जमीन विकून या दोन्हींपैकी काहीच साधत नाही, उलट दरवर्षीचे उत्पन्न कायमचे कमी होते आणि गरजेपोटी विकणाऱ्याला भावही कमीच मिळतो. नगरपालिका हद्दीपासून पुरेशा अंतरावरील ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे खरे असले, तरी तेवढ्यासाठी विकणे शहाणपणाचे नाही.

विम्याचा विचार अधिक सावधपणे करावा लागेल. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तीलाही कंपन्या नवी पॉलिसी देऊ शकतात, म्हणून एजंट आपल्यापर्यंत पोहोचला असावा. परंतु आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ ठेवू शकते. तसे झाल्यास तीन हप्त्यांचे १,७४,००० रुपये भरूनही ज्या आजारासाठी विमा घेतला त्याचाच दावा मिळणार नाही, आणि हा काळ संपेल तेव्हा वडील ७१ वर्षांचे असतील. अर्जात आजार लिहू नका असे कोणी सुचवत असेल, तर त्या माणसाला पुन्हा दारात उभे करू नये. जुनी डिस्चार्ज समरी पुढे आली की दावा नाकारला जातो. घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर किंवा नेब्युलायझर हा खर्च तर बहुतेक पॉलिसींमध्ये धरलाच जात नाही. तोच पैसा आईच्या विम्याकडे वळवावा, कारण त्यांची प्रकृती ठीक असताना प्रतीक्षा काळ सुरू झालेला बरा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, ही त्यात जमेची बाजू.

वडिलांसाठी आधार आहे तो शासकीय योजनांचा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व शिधापत्रिकाधारक येतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. वडिलांना ७० वर्षे पूर्ण झाली की आयुष्मान भारतमधील ज्येष्ठांसाठीचे ५ लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळेल, तेही जुन्या आजारासह पहिल्या दिवसापासून. मात्र योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि संलग्न रुग्णालयांतच चालते. म्हणून जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील कोणत्या संलग्न रुग्णालयात बायपॅप व व्हेंटिलेटरची सोय आहे, हे वडिलांची प्रकृती स्थिर असतानाच आरोग्यमित्राला (संलग्न रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला) भेटून विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून ही चौकशी होत नाही. जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही या यादीत विचारात घ्यावीत. त्यांच्याविषयी आपल्याकडे अकारण संकोच आहे.

आता यंत्राविषयी. आपल्या पत्रासोबतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटर, दिवसाला सोळा तास असे लिहिले आहे. त्याला पाच लिटरचे, म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारे यंत्र पुरते. रुग्णालयातून सुटताना सुरू केलेला ऑक्सिजन पुढेही लागतो की नाही, याची साधारण दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. काहींना तो लागत नाही. आपल्याला कळवलेल्या दरांनुसार पाच लिटरचे यंत्र भाड्याने महिना ४,००० आणि विकत ४५,००० रुपये आहे. म्हणजे तीन महिन्यांचे १२,००० रुपये देऊन तपासणीचा निकाल पाहणे आणि मगच खरेदी करणे हिताचे. विजेचा हिशेबही धरावा: ३५० वॅटचे यंत्र सोळा तास चालले तर महिन्याला सुमारे १७० युनिट जातात, दहा लिटरचे त्याहून बरेच अधिक. वीज जाण्याची सोय म्हणून १,५०० लिटरचा बी-टाइप सिलिंडर भरून ठेवावा. दोन लिटरच्या वेगाने तो साडेबारा तास पुरतो. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवू नये, कारण बरीच यंत्रे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेली असतात. चूल आणि बिडी त्या खोलीपासून लांबच हवी.

महिन्याचा खर्च भागवायला ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज आहे: ८.२ टक्क्यांनी ८ लाखांवर तिमाहीला १६,४०० रुपये. ते केळीच्या खतात मिसळू न देता औषधे, भाडे आणि वीज यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे. या योजनेतील मुद्दल मोडण्याचा विचार शेवटी करावा. दोन वर्षे झाली असल्याने कपात १ टक्काच, म्हणजे ८,००० रुपये असेल, पण व्याजाचा झरा आटेल. अचानक लागणाऱ्या रकमेसाठी बँकेतील ४ लाख आहेत. ठेवीची मुदत संपताच एका पावतीऐवजी एकेक लाखाच्या चार पावत्या कराव्यात, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येईल. तोवर वेळ आली तर ठेवीवरचे कर्ज घ्यावे. त्याचा दर ठेवीपेक्षा एकदोन टक्केच जास्त असतो, तर व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल पुढच्या कटाईच्या भावात फेडावी लागते.

पुढचे बिल रोखीने भरू नये. आपण जुन्या करप्रणालीत असाल, तर विमा नसलेल्या ज्येष्ठ पालकांच्या उपचारखर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, परंतु रोख भरलेल्या रकमेवर ती मिळत नाही.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करावी. बँकेतील मुदत ठेव वडिलांच्या एकट्याच्या नावावर असल्यास त्यात आपले किंवा आईचे नाव 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने जोडून घ्यावे. तोंडावर मास्क असलेल्या माणसाची सही बँकेला चालवणे कठीण जाते.