कोकणात हिवाळ्यात कुंडीतलं शोभेचं गवत कापायचं, झाकायचं की पडवीत आणायचं?

तुम्ही विचारलंय की घर समुद्रापासून जवळ आहे, अंगणात कुंड्यांत जांभळं फाउंटन ग्रास आणि झेब्रा ग्रास आहे, डिसेंबर लागला तशी पात्यांची टोकं करपायला लागली. आता गवत कापून टाकू, गोणपाटात गुंडाळू की पडवीत आणून ठेवू?

तिन्हीतलं काहीही करू नका. विशेषतः कापू नका.

गुंडाळायचा आणि आत न्यायचा सल्ला बर्फ पडतो त्या देशांतला आहे. तिथे कुंडीतली माती चहूबाजूंनी गोठते, मुळं मरतात, म्हणून कुंड्या गॅरेजमध्ये जातात. जांभळं फाउंटन ग्रास तर कडक हिमतुषारात मरतंच. आपल्याकडे रत्नागिरी-मालवण किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १८-२० अंशांवर थांबतो आणि दुपारी तिशी ओलांडतो. एवढ्या उबेत हे गवत झोपत नाही, फक्त वाढ मंदावते. पडवीत नेलंत तर ऊन कमी पडून जांभळी पाती हिरवट होतील आणि झुडूप मधोमध फाकून आडवं होईल. दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं, हिवाळ्यातसुद्धा.

आता कापण्याबद्दल. यावर माझं काही लोकांशी जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समुद्राकाठच्या एका घरगुती निवासाच्या खळ्याच्या कडेला जांभळ्या फाउंटन ग्रासच्या १२ इंची कुंड्यांची रांग होती. शहरातून आलेल्या बागकामाच्या ठेकेदाराने डिसेंबरात ‘हिवाळी छाटणी’ म्हणून गवत मातीपासून दोन बोटांवर कापायला घेतलं. अर्धी रांग झाली आणि माणसं जेवायला बसली, तेवढ्यात मालक आले आणि त्यांनी काम थांबवलं. त्यामुळे एकाच जागी, एकाच मातीत, एकाच पाण्यावर अर्ध्या कुंड्या कापलेल्या आणि अर्ध्या न कापलेल्या राहिल्या. इतकी चांगली तुलना मुद्दाम मांडूनही मिळत नाही.

न कापलेल्या कुंड्या जानेवारीभर ओंगळ दिसल्या. टोकं तपकिरी, खालची पाती वाळलेली. पण तुरे येत राहिले. कापलेल्यांपैकी काहींचा गड्डा मधूनच काळा पडला. उपसून पाहिलं तर खालची मुळं तपकिरी, मऊ, ओढली की साल हातात येणारी, आणि मातीला आंबूस वास. कारण साधं आहे. पाणी ओढतात ती पाती. पातीच नाहीत, तर कुंडीतलं पाणी जाणार कुठे? ठिबकची वेळ मात्र पूर्वीचीच, रोज सकाळी. त्यात माती म्हणजे निव्वळ जांभ्याची लाल माती, पावसाळ्यात बसून विटेसारखी झालेली. मुळं बुडाली. ज्या कुंड्या वाचल्या त्यांनी कोवळे कोंब काढले, आणि ते कोंब खाऱ्या वाऱ्याने आठवड्यात करपले, कारण आडोशाला जुनी पाती उरली नव्हती. ठेकेदाराचं म्हणणं, रोपंच नर्सरीतून कमजोर आली. मग बाजूच्या न कापलेल्या कुंड्या कुठून आल्या होत्या?

गंमत म्हणजे ज्या थंड देशांतून ही छाटणी आली तिथले जाणते माळीही थंडी सोसणारी शोभेची गवतं हिवाळ्यापूर्वी कापत नाहीत. वाळलेली पाती गड्ड्यावर पांघरूण म्हणून उभी ठेवतात, पोकळ ताटांत पाणी साचून गड्डा कुजू नये हाही हेतू असतो, आणि छाटणी करतात ती थंडी सरताना, नवे कोंब यायच्या तोंडावर. आपल्याकडे तो काळ म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात. कॅलेंडर बघायचं नसेल तर हापूसच्या कलमांकडे बघा. फळ वाटाण्याच्या पुढे जाऊन गोटीएवढं झालं की कापायला घ्या.

कापायची रीत अशी. आठवडाभर आधी पाणी निम्मं करा. झुडूप मधल्या उंचीवर सुतळीने घट्ट आवळून बांधा, म्हणजे कचरा पसरत नाही. फाउंटन ग्रास मातीपासून १५ सेंटिमीटरवर, झेब्रा ग्रास १५-२० वर. धारदार विळा चालतो. जुना, लाकडासारखा झालेला बुंधा असेल तर हॅक्सॉचं पातं घ्या. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, झेब्रा आणि पाम्पस ग्रासच्या पात्यांची कड बोट चिरते. कापल्यावर नवी पाती वीतभर होईपर्यंत पाणी आधीच्या निम्म्याने, आणि वरची माती सुकल्याशिवाय अजिबात नाही. गड्ड्याच्या मध्यभागी टक्कल पडलं असेल तर त्याच वेळी उपसून, कोयत्याने किंवा करवतीने चिरून, बाहेरच्या कडेचे आठ-दहा फुटव्यांचे तुकडे वेगळे लावा. मधला मेलेला भाग टाकून द्या, त्यातून काही निघत नाही.

तोवर डिसेंबर-जानेवारीत फक्त मेलेली पाती ओढून काढा. हातमोजा घालून बोटांनी खालून वर विंचरायचं. सुटतात ती मेलेली, अडतात ती राहू द्यायची. करपलेली टोकं कात्रीने तिरकी कापलीत तर दिसायला बरं, रोपाला त्याने काही फरक पडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, टोकं का करपतात. थंडीने नाही. कोरड आणि मीठ ही दोन कारणं, आणि किनाऱ्यावर बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. पावसाळा संपला की रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई सुटते, ती कोरडी असते. दुपारी समुद्राकडून वारा फिरतो, तो खारा. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून मतलईत पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं. कुंडीच्या बाहेर पांढरी खपली धरली असेल तर समजा आत त्याहून जास्त आहे. पात्यावर कोरडं बोट फिरवून जिभेला लावा, फवारणी केलेली नसेल तरच. खारट लागलं की वाऱ्यातून येतंय. बेचव लागलं तर पाण्यातून. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी जानेवारीपासून मचूळ होत जातात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर स्वस्त मिळतं, विहिरीचं पाणी मोजा. आकडा ५०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर निवांत. १००० च्या वर असेल तर कुंडीसाठी ते पाणी एकटं वापरू नका, नळाच्या गोड्या पाण्यात निम्मं मिसळा.

पाणी द्यायचं ते थोडं थोडं रोज नाही. बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली की, सकाळी, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. १२ इंची कुंडीला दीड ते दोन लिटर लागतात, डिसेंबरात साधारण एक दिवसाआड, बंद प्लॅस्टिकच्या कुंडीला दोन दिवसांआड. वरवर शिंपून पाणी दिलं की मीठ धुऊन जात नाही, मुळांपाशी साचतं. महिन्यातून एकदा धुलाई करा. १२ इंची कुंडीत साधारण १२-१५ लिटर माती बसते, तिच्या दुप्पट, म्हणजे तीसेक लिटर गोडं पाणी तासाभरात हळूहळू सोडायचं आणि वाहून जाऊ द्यायचं. ताटली असेल तर ती काढून ठेवा, नाहीतर मीठ परत वर ओढलं जातं. आठवड्यातून दोनदा सकाळी पात्यांवरून गोड्या पाण्याचा फवारा मारा. यात लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही धुऊन जाते. कोरड्या हवेत ती पात्यांच्या खालच्या बाजूला वाढते, पातं बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी निस्तेज होतं. जास्तच असेल तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, एक-दोन मिली पातळ साबणात फेटून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा.

कुंडी तापलेल्या लादीवर ठेवू नका, दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, भोकही मोकळं राहतं. प्लॅस्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधली फट नारळाच्या सोडणांनी भरलीत तर पाणी बरंच वाचतं. मातीवर सोडणं किंवा भाताचं तूस पसरलं तरी चालेल, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. वाळवीचं घर असेल तिथे पेंढा घालूच नका, बारीक खडी घाला.

माती बदलायची ती फेब्रुवारीच्या छाटणीबरोबर. दोन भाग चाळलेली लाल माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं शेणखत, एक भाग नदीची जाड वाळू. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात मूळचंच मीठ असतं. पुळणीवरची किंवा खाडीची वाळू फुकट मिळते म्हणून घालणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

खत आता देऊ नका. युरिया तर नकोच, कोवळी लुसलुशीत वाढ होते आणि ती कोळी आणि खारा वारा दोघांच्या तोंडी जाते. पावसाळ्यात माती धुपून पाती फिकट पडली असतील तर ओंजळभर गांडूळखत बस झालं. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, तेही छाटणीनंतर नवी पाती दिसल्यावर, पंधरा दिवसांनी एकदा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. वर लिहिलेलं सगळं किनारपट्टीचं आहे. दापोलीचं पठार, आंबोली, घाटाच्या पायथ्याची गावं इथे रात्री बऱ्याच थंड असतात. तिथे संध्याकाळी पाणी देऊ नका आणि छाटणी मार्चावर ढकला. दुसरं, नर्सरीवाले ‘शोभेचं गवत’ म्हणून मोंडो ग्रास आणि लिरिओपीही विकतात. ती गवतं नव्हेत, त्यांना बुडापासून कापायची गरज नसते, फक्त विंचरायचं. सावलीही त्यांना चालते, तेव्हा पडवीत ठेवायचीच असतील तर ती ठेवा. आणि तुमचं फाउंटन ग्रास जांभळं नसून हिरव्या पातीचं असेल तर तुरे वाळून उडायच्या आत कापा. जांभळ्यात सहसा बी धरत नाही, हिरव्यात भरपूर धरतं, आणि त्याने हवाईत डोंगरच्या डोंगर व्यापलेत. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ते नको.

विहिरीच्या पाण्याचा आकडा मोजलात तर इथेच कळवा, किती गोडं पाणी मिसळायचं ते सांगतो. आणि कोणी डिसेंबरात कात्री घेऊन आलाच तर त्याला आधी जेवायला बसवा.