पीपीटी लावली की मुलं नुसती बघत बसतात

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गात ३४ मुलं, एक प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप आणि माझा मोबाईल एवढंच. रात्री जागून अ‍ॅनिमेशनवाली पीपीटी बनवते, पाच मिनिटं मजा येते मग मुलं सिनेमा बघितल्यासारखी गप्प. त्यांच्याकडे मोबाईल नाहीत म्हणून कहूत (मोबाईलवरून खेळायची प्रश्नमंजुषा) वगैरे पण जमत नाही. काय करू?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, अ‍ॅनिमेशनला जाणारा वेळ पर्यायांचे प्रश्न बनवायला द्या. आणि पर्याय मनाने घालू नका, मुलांच्या वह्यांत जे चुकतं तेच घ्या. म्हणजे १/२ + १/३ किती, तर ५/६ च्या जोडीला २/५ हवंच, कारण वरचे वर आणि खालचे खाली मिळवणारी निम्मी पोरं असतात. आता त्या २/५ ला लिंक देऊन वेगळी स्लाईड जोडा, तिच्यावर अर्धी भाकरी दाखवा आणि विचारा, अर्ध्या भाकरीत अजून तुकडा घातला तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? चूक असं लाल अक्षरात दाखवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. फक्त पॉवरपॉइंटच्या ट्रान्झिशन्स टॅबमध्ये जाऊन ऑन माऊस क्लिकची टिक काढा, नाहीतर क्लिक इकडेतिकडे झालं की स्लाईड पुढे पळते.

मुलांकडे मोबाईल नाहीत तर प्लिकर्स नावाचं अ‍ॅप तुमच्या मोबाईलवर वापरा. प्रत्येक मुलाला छापील कार्ड, ज्या बाजूला आपलं उत्तर ती बाजू वर धरायची, तुम्ही मोबाईलचा कॅमेरा फिरवला की कोणी काय दिलं ते कळतं. अक्षरं बारीक असतात त्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही, मागच्या बाकावरचं लाजरं पोरगं पण उत्तर देतं, मला हेच सगळ्यात आवडतं.

उत्तर मात्र लगेच फोडू नका. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये फिजिक्स असं शिकवायला सुरुवात केली, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले की शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचं आणि परत मत घ्यायचं. दोन मिनिटं वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या.

एका तासाला असे तीनच प्रश्न पुरे. नेट गेलं तर हाताशी असावीत म्हणून पुठ्ठ्याची चार रंगांची कार्डं, एकेका पर्यायाला एक रंग, कपाटात ठेवा.