‘किरमाणी ओवा’तलं किरमाणी

रावपुऱ्यातून एका ताईंनी विचारलंय: ‘आजी आम्हाला जंतांवर ओवा द्यायची, किरमाणी म्हणायची त्याला. किरमाणी म्हणजे कृमी मारणारा, असंच ना? मांडवीत गांधीकडे मागितला तर त्यानं खुरासानी अजमो बांधून दिला. दोन्ही एकच का?’ (बडोद्याबाहेरच्यांसाठी: इथे गांधी म्हणजे काष्ठौषधी विकणारा.)

ताई, आधी ती पुडी परत करा. खुरासानी ओवा धोतऱ्याच्या कुळातला, विषारी. किरमाणी शेवंतीच्या कुळातला, दवण्याचा भाऊबंद. आणि तो बीसुद्धा नव्हे, न उमललेल्या बारीक कळ्या असतात त्या. भज्यांतला ओवा तिसराच, धण्याजिऱ्यांचा नातलग. पुडीत सगळे सारखे दिसतात, म्हणून सगळे ओवे! भरीला काही भागांत कारळ्यांनाही खुरासणी म्हणतात.

आता शब्द. कृमीला ‘-आणी’ लावून ‘मारणारा’ असा अर्थ निघत नाही. वैद्यांना ते म्हणायचं होतं तेव्हा त्यांनी सरळ ‘कृमिघ्न’ म्हटलं. वावडिंगाचं ते जुनं नाव. किरमाणी हा मुलतानी, काबुली, सुरती यांच्या पंगतीतला शब्द, इराणातल्या किरमानवरून आलेला. खुरासानही त्याच बाजूचा मुलूख.

तरी तुमचा तर्क मला आवडला, कारण किरमानचे लोकही तिथेच घसरलेत. फारसीत किड्याला ‘किर्म’ म्हणतात, आपल्या कृमीचाच चुलतभाऊ. किरमिजी रंगातही तोच दडलाय, तो रंग किड्यांपासून काढत. आणि फिरदौसीच्या शाहनाम्यात गोष्ट आहे: सूत कातणाऱ्या मुलीला सफरचंदात किडा सापडतो, तिची भरभराट होते, किडा वाढून अजस्र होतो, आणि त्याच्यावरून म्हणे किरमान!

आजीचं औषध मात्र पोकळ नव्हतं. या ओव्याच्या जातभाईंतून १८३० मध्ये सँटोनिन वेगळं काढलं गेलं. त्यानं पोटातले गोल जंत लुळे पडतात. मात्रा चुकली तर माणसाला जग पिवळं दिसू लागतं, म्हणून पुढे ते मागे पडलं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिनही याच प्रजातीच्या एका झाडाचं; चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं.

अर्थात साध्या ओव्यातलं थायमॉलही एके काळी अंकुशकृमींवर देत. तेव्हा आजीचा ओवा कसा लागायचा ते आठवून पाहा. कडूजहर असेल तर किरमाणी; जीभ चुरचुरत असेल तर तो भज्यांच्या डब्यातलाच.