‘युद्ध संपलं का?’ विचारणाऱ्या मुलाला इतिहास शिकवताना

विशेष मुलांच्या पालकांकडून इतिहासाबद्दल एक तक्रार मी नेहमी ऐकते. ‘आमच्या मुलाला युद्धबिद्ध कशाला शिकवायचं? कळायचं तर नाहीच, उगाच घाबरून बसेल.’ अशीच तक्रार घेऊन एक आई आली होती. मुलगा पंधरा वर्षांचा, स्वमग्न. बोलतो नीट, पण ऐकलेलं शब्दशः घेतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्गात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि घरी त्याची झोप उडाली. विमानाचा आवाज आला की खिडकी लावायची आणि विचारायचं, ‘युद्ध संपलं का?’ हो म्हटलं तरी दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

‘मॅडम, या धड्यातून त्याला सूट मिळते का बघा ना,’ आई म्हणाली.

सूट मागण्याआधी मी वर्गात काय झालं ते विचारून घेतलं. बाईंनी मेहनतीने एक चित्रफीत दाखवली होती. भोंगे, बॉम्ब, कोसळणाऱ्या इमारती. मग फळ्यावर मित्रराष्ट्रं आणि अक्षराष्ट्रं यांची यादी. मुलाने यातून दोनच गोष्टी उचलल्या: आकाशातून काहीतरी पडतं, आणि ते कधी थांबलं हे कुणी सांगितलं नाही. तास संपला तेव्हा चित्रफितीतलं युद्ध चालूच होतं! त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘हो, संपलं’ हे उत्तर त्याला पुरत नव्हतं, कारण कधी आणि कुठे हे त्यात नव्हतं.

आई, बाई आणि मी एकत्र बसलो. धडा सोडायचा नाही, पण त्याचं तोंड फिरवायचं, असं ठरलं. लढाई कुणी कशी जिंकली हे मागे. त्या युद्धाने आपल्या देशात काय बदललं, हे पुढे.

पहिलं काम भीतीचं. वर्गात भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्या. एका टोकाला मुलांची स्वतःची जन्मसालं, मग आईबाबांची, आजी-आजोबांची, मग १९४७. त्याच्याही पलीकडे १९३९ ते १९४५ एवढ्या भागावर लाल कापड, आणि कापड संपतं तिथे चिठ्ठी: ‘संपले. सप्टेंबर १९४५.’ हा मुलगा रोज सकाळी दप्तर ठेवून आधी ती चिठ्ठी वाचायचा. आईला सांगितलं, घरी विचारलं की हो-नाही म्हणायचं नाही, ‘दोरीवर कुठे संपलं?’ असं उलट विचारायचं. उत्तर त्याच्याजवळ होतंच, ते त्याने स्वतःच द्यायचं. विचारणं लगेच थांबलं नाही, पण झोप परतली.

नकाशाही हवाच. हिंदी सैनिक उत्तर आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढले हे जमिनीवर आखलेल्या मोठ्या नकाशावर चालत जाऊन दाखवलं. किती दूर, हे पायांना कळलं. सुमारे पंचवीस लाख माणसं त्या सैन्यात होती. हा आकडा यातल्या बऱ्याच मुलांसाठी निरर्थक आहे, हे मान्य करावं. त्यांच्यासाठी रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे पुरे होतात. १९४४ मध्ये ते इटलीत लढताना मारले गेले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक गाव, एक माणूस, एक पदक.

मग बदलांकडे. सगळ्यांत चांगला चालला तो रेशनचा तास. मुलांनी घरून रेशनकार्डाचे फोटो आणले होते. बाईंनी आधी साखरेचा डबा उघडा ठेवला, हवी तेवढी घ्या. नंतर प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर एकच चमचा, रांगेत उभं राहून. रांगेत कुरकुर झाली, ती व्हायलाच हवी होती. त्यानंतर कारण: १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथून येणारा तांदूळ थांबला, सैन्यालाही धान्य लागत होतं, भाव चढले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. बंगालमध्ये त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि लाखो लोक उपासमारीने मेले. हे वाक्य गाळा, असं काही पालक सुचवतात. मी गाळत नाही. या मुलांनी घरातले मृत्यू पाहिलेले असतात. साधं, खरं वाक्य त्यांना पेलतं. पेलत नाहीत ती छायाचित्रं. ती आम्ही दाखवली नाहीत.

१४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोटही असाच. ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता, आग लागली आणि बोट फुटली. या मुलाच्या वर्गात तो सांगताना आम्ही बोटीकडून सुरुवात केली नाही, अग्निशमन दलाकडून केली. ती आग विझवताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, आणि शाळेतली कवायत मुलांना पाठ असते. मदत करणारी माणसं आधी भेटली की संकटाची गोष्ट ऐकायला धीर येतो.

स्वातंत्र्याशी या युद्धाचा संबंध कसा लावायचा, याची बाईंना फार काळजी होती. तो लावला एका मुलीने. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, इथल्या नेत्यांना न विचारता, एवढं बाईंनी सांगितलं. डाउन सिंड्रोम असलेली ती मुलगी ताडकन म्हणाली, ‘विचारलंच नाही?’ आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवलं जाणं म्हणजे काय, हे या वर्गाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिथून प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांचे राजीनामे, ८ ऑगस्ट १९४२ चा गवालिया टँकवरचा ‘छोडो भारत’ ठराव, आणि युद्धाने थकलेलं ब्रिटन, इथवर चार-पाच चित्रांत पोहोचता आलं.

एक भेद मात्र पाळायला हवा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी हा धडा इतका सोपा करणं अन्यायाचं आहे. त्यांची अडचण वाचनलेखनाची असते, विचाराची नव्हे. त्यांना मजकूर ऐकवा, उत्तर तोंडी घ्या आणि प्रश्न अवघडच ठेवा: ब्रिटिशांच्या सैन्यात लढलेला आणि आझाद हिंद सेनेत गेलेला, दोघांकडे तुम्ही कसं पाहता? लाल किल्ल्यातल्या १९४५ च्या खटल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन आरोपी होते, हे कळल्यावर एका मुलाने जे मुद्दे मांडले ते भल्याभल्यांना सुचले नसते. लिहायला सांगितलं असतं तर त्याने कोरा कागद दिला असता.

आईला शेवटी एवढंच सांगितलं की घरात युद्धाच्या बातम्या लागल्या तर चित्रं बंद करा, विषय बंद करू नका. कुठे चाललंय, आपल्यापासून किती लांब, हे नकाशावर दाखवा. मूल्यमापनात मुलाने ‘युद्धाआधी’ आणि ‘युद्धानंतर’ अशा दोन खोक्यांत चित्रं टाकली. रेशनकार्ड ‘नंतर’मध्ये टाकलं, मग दोरीकडे बघून बाईंना विचारलं, ‘युद्ध संपलं. मग रेशन का नाही संपलं?’ बाईंनी पुढचा तास त्यावरच ठेवला आहे.